तापवलेलं चाक

उत्कर्षला बहिणीचं सगळं खपायचं, शिकवणं सोडून. आणि रत्नमाला माहेरी आली की शिकवल्याशिवाय राहायची नाही. ती पुण्याकडे गाड्यांची चाकं ओतणाऱ्या कारखान्यात तपासनीस. हा शेलूबाजारहून पोहरादेवीला जीप हाकणारा. माय दुर्गाबाई लेकाजवळ राहायची, म्हणून लेकाच्याच बाजूची.

पोहरादेवीच्या जत्रेच्या आदल्या दिवशी खड्ड्यात आपटून जीपचं पुढचं चकचकीत ॲलॉयचं, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, चाक वाकलं. उत्कर्षनं ते गॅसच्या जाळावर चांगलं तापवलं, ठोकून गोल केलं. लोखंडी स्टेपनी होती; पण ती लावली तर स्टँडवर नाक कापलं जाईल, असं त्याला वाटायचं. सकाळी स्टँडवर सिटा, म्हणजे प्रवासी, जमल्या; चाक चढवायचं तेवढं बाकी होतं. पुढच्या सीटवर, त्याच चाकाच्या बाजूला, माय बसली.

"हे चाक लावायचं नाही," रत्नमाला म्हणाली.

"काहून? सुताचाबी फरक नाही, बग."

"आकार आला, जोर गेला."

ॲल्युमिनियमच्या पोटात डोळ्याला न दिसणारे बारीक कण सगळीकडे विखुरलेले असतात, ते अडवतात म्हणून धातू आतल्या आत सरकत नाही, असं ती सांगू लागली. उत्कर्ष सिटांकडे बघून हसला. मग तिचं डोकं फिरलं.

"बांधावर काटे पसरले तं ढोर अडते ना? तेच काटे एका जागी ढीग केले तं? ढोर बाजूनं निंगून जाते. तू तापवून तापवून ढीग केले."

"तुही फॅक्टरी तिकडं. इथं माही जीप आहे," म्हणत त्यानं चाक जीपपाशी आणून टेकवलं.

तिनं बोलणं सोडलं आणि त्याचाच हातोडा घेतला. आधी जीपच्या दुसऱ्या, धड चाकाच्या काठावर हाणला. हातोडा उसळला, नुसता ओरखडा पडला. तेवढ्याच जोरानं तापवलेल्या चाकावर हाणला. काठ आत बसला.

सिटा वाकून तो काठ बघू लागल्या. उत्कर्षला पटलं होतं, आणि पटलं म्हणूनच तो पेटला. साऱ्या स्टँडसमोर त्यानं तिच्या शिक्षणाचा, नोकरीचा उद्धार केला. शिव्या देतदेतच स्टेपनी चढवली.

रत्नमाला मायजवळ गेली. दुर्गाबाईनं तोंड फिरवलं.

"चारचौघांत लेकराची इज्जत घेतली तू. पुढच्या सुट्टीत येऊ नको."

रत्नमालेला वाईट वाटलं, रागही आला. जीप सुटली तेव्हा तिनं मायकडे वर पाहिलं नाही. मायच्या बाजूचं ते काळं लोखंडी चाक तेवढं वळणापर्यंत बघत राहिली.