आयोडीनची बरणी

कामिनीने चिमट्यात धरलेली काचेची प्लेट आयोडीनच्या बरणीत सोडली आणि झाकण लावलं. झाकण जड होतं. हात लावायला कोणी पुढे आलं नाही.

"हात तरी धुतले होते का वं?" भैयाजी सरांनी खुर्चीतूनच विचारलं. "नाही तं सकाळचा पराठा दिसन आमाले."

माडी हसली. इतवारीतल्या तेलाच्या दुकानावरची ही माडी. विदर्भात चरबीवर संशोधन करणारे पंधरावीस जण वर्षातून एकदा इथे जमत. ना पडदा, ना माईक. जे सापडलं ते सगळ्यांसमोर बरणीत टाकून दाखवायचं. प्रत्येक चरबी प्लेटवर आपापल्या ठरलेल्या उंचीवर थांबते; ती असेल तिथे तपकिरी ठिपका उठतो आणि प्लेट बाहेर काढली की उडून जातो, म्हणून सर्वांत ज्येष्ठाने तो लगेच पेन्सिलीने गिरवायचा. ज्येष्ठ म्हणजे भैयाजी. जवसात त्यांनी एक नवी चरबी शोधली होती, आणि तेव्हापासून त्यांचं नाव इतकं मोठं झालं होतं की जिन्यातून वर आणताना तिरपं करावं लागे.

त्यांच्या उजव्या अंगठ्यावर आडवी जुनी खूण होती. कधी ती काच फुटून झालेली असे, कधी अस्वलाने चावून. यंदा चहाच्या वेळी सरांच्या गोष्टीत बिबट्या आला होता, आणि सरांचं रक्त बघून तोच रडत परत गेला होता.

कामिनीचं म्हणणं, ती चरबी जवसातली नाहीच. नमुने ठेवायच्या प्लास्टिकच्या नळ्यांतून ती सुटते. म्हणून तिने प्लेटवर डावीकडे जवसाचा अर्क चढवला होता आणि उजवीकडे तशाच नळीत ठेवलेलं, जवस नसलेलं नुसतं द्रावक. दोन्हीकडे तोच ठिपका उठला तर सरांचा शोध गेला. नाही उठला तर तिचा प्रबंध पुन्हा परत. परीक्षक तेच होते.

"मी तं तुझ्या प्लेटले हात बी नाही लावला," सर म्हणाले. "मंग मले म्हणशीन."

"मी कुठं काही म्हणून राहिली, सर?"

डावीकडे ठिपका उठला. उजवीकडे, बरोबर त्याच उंचीवर, मोठा डाग. त्यात बारीक वळ्या दिसायला लागल्या.

"आंगठा हाये हा," शोभाताई म्हणाल्या. त्या सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. "डोक्याले तेल चुपडून येतं अन् सरांचा शोध खोडतं का वं?"

"झालं." भैयाजींनी पेन्सिल उचलली. "काहून आमचा टाइम खराब करून राहिली, पोरी?"

कामिनी बरणीकडेच बघत होती. मघाशी ती चहा आणायला खाली गेली, तेवढा वेळ प्लेट टेबलावर उघडी होती. डाग गडद होत गेला. मधोमध एक पांढरी रेघ तशीच राहिली, आडवी. तिथे रंग चढेना.

शोभाताईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. एकदा सरांच्या हाताकडे पाहिलं आणि मग खिडकीखालच्या हातगाड्या बघत बसल्या. मागे कोणाची तरी कपबशी वाजली.

"ठिपका कुठं उठन, हे तुमाले बरोबर माहीत होतं, सर." कामिनीने प्लेट काढून त्यांच्यासमोर ठेवली. "गिरवा. उडून जाईन."

पेन्सिल बराच वेळ वरच राहिली. शेवटी त्यांनी डावा ठिपका गिरवला. मग अंगठ्याच्या डागाची कडा, एका दमात. पेन्सिल खाली ठेवली आणि हात मांडीवर घेतला. तपकिरी रंग फिका पडायला लागला होता.

कामिनीने पेन्सिल उचलून पुन्हा त्यांच्यापुढे धरली.

"रेघ राहिली, सर."