सुन्न बोटांतली छिन्नी

मित्रांनो, मी एक जुनी छिन्नी आहे. माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, मला ठाऊक नाही.

सोनगीरच्या लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून मला घडवले. पाथरवट भिकनभाऊंनी माझ्या धारेने पायऱ्या आणि उंबरे घडवले. लोक दगडाच्या कडेवरून हात फिरवून ‘वा’ म्हणत. मला आनंद झाला असेल. आता आठवत नाही.

मग कटर मशीन आले. आठ वर्षे मी पिशवीच्या तळाशी गंजत पडले. मशीन भिकनभाऊंच्या हातात दिवसभर थरथरत असे. त्या थरथरीने त्यांची बोटे बधिर होत गेली. त्यांनी कुणालाच सांगितले नाही.

या हिवाळ्यात धुळ्याच्या मृणालीताईंना बागेत दगडी पायवाट करायची होती. “मशीनची सरळ कड नको, छिन्नीची हवी,” त्या म्हणाल्या. “आज एक फरशी करून दाखवा. जमली तर चाळीसही तुमच्याच. नाहीतर मी तयार आणते.”

भिकनभाऊंनी मला धरले. पकड ओळखीची नव्हती. तिसऱ्या घावाला हातोडी घसरून त्यांच्या अंगठ्यावर बसली. ते मारतच राहिले.

“ओ मोनालीना बाप!” त्यांच्या पत्नी वच्छलाबाई वाळू चाळता चाळता लेकीच्या नावाने हाक मारत ओरडल्या. “रंगत निंघी ऱ्हायनं ना!”

भिकनभाऊंनी रक्ताळलेल्या अंगठ्याकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसे पाहिले. “माले तं काहीच लागनं नही.”

मला दुखत नाही, मित्रांनो. मी लोखंड आहे. माणसाचा हात माझ्यासारखा झालेला मी प्रथमच पाहिला.

वच्छलाबाईंनी चिंधी बांधली, समोर बसल्या आणि मला हातात घेतले. “मी धरस. तुम्ही मारा.”

“आनि तुना हातवर बसनी तं?”

“तं भाकरी तुमले थापनी पडी.”

भिकनभाऊंनी हातोडी उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. घाव नेमका माझ्या माथ्यावर आला. मग दुसरा. वच्छलाबाईंचा हात हलला नाही.

दिवस कलताना मृणालीताईंनी कडेवरून बोटे फिरवली. “अशाच चाळीस करा.”

त्या आत गेल्यावर भिकनभाऊंनीही हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

“चांगली शे का?” त्यांनी बायकोला विचारले.

“शे,” वच्छलाबाई म्हणाल्या.

आता रोज काम संपले की मला पुसून तेल लावतात. मित्रांनो, तुमच्या घरीही कष्टाचे हात असतील. कधी ते हातात घेऊन विचारा. आपणहून ते सांगत नाहीत.