दुर्गाबाईंची उरलेली किडनी

मी एक जुनी किडनी आहे, मित्रांनो. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात मला मूत्रपिंड म्हणतात, पण वरूडात त्या नावानं मला कोणी ओळखत नाही. दुर्गाबाईंच्या पाठीत, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला मी बेचाळीस वर्षांपासून राहते. आकारानं मुठीएवढी. उजव्या बाजूला माझी जुळी बहीण होती. होती म्हणताना मला अजून जड जातं.

आम्ही दोघींनी कामाला एक दिवस खाडा केला नाही. अंगातलं रक्त दिवसभर पुन्हा पुन्हा आमच्याकडे यायचं. आमच्या प्रत्येकीत दहा लाखांच्या आसपास बारीक गाळण्या. कामाचं ते परत धाडायचं, घाण तेवढी पाण्याबरोबर बाहेर काढायची. ती लघवी दोन नळ्यांनी खाली मूत्राशयाच्या पिशवीत उतरते. पिशवी भरली की इशारा देते आणि माणसानं उठून जायचं. इतका साधा कारभार. पण त्याला पाणी लागतं आणि जायला जागा लागते.

दुर्गाबाई संत्र्यांच्या पॅकिंगवर जातात. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मांडी घालून संत्री निवडायची, लहान-मोठी वेगळी करून क्रेटमध्ये भरायची. शेडमध्ये माठ होता, पण बायकांसाठी संडास नव्हता. मागच्या बाजूला ट्रक उभे आणि त्यांच्या सावलीत ड्रायव्हर बसलेले. म्हणून बायकांनी युक्ती काढली होती. पाणी प्यायचंच नाही. तहान लागली की एखादं डागी संत्रं सोलायचं.

एकदा शेजारी बसणाऱ्या चतुराबाईंनी पाण्याचा गिलास पुढे केला, तर दुर्गाबाई म्हणाल्या, "पानी कायले वं? संत्र्यात पानीच तं असते. अन् पेली का मंग जाऊ कुठी?"

संत्र्याशी माझं भांडण नाही. पण मार्चच्या उन्हात, पत्र्याखाली, दोन संत्र्यांवर दिवस काढायचा म्हणजे आमच्या तोंडाला पानं पुसणंच. लघवी कमी झाली, पिवळीजर्द झाली. तासन्‌तास ती तुंबून राहायची, त्यात जंतू वाढायचे, जळजळ व्हायची. 'उन्हाळी लागली' म्हणत दुर्गाबाई घरी आल्यावर धने भिजवलेलं पाणी प्यायच्या आणि सकाळी पुन्हा कोरड्याच कामावर जायच्या.

मग बहिणीत क्षार साचून खडा झाला. तो सरकून नळीत अडकला, तेव्हा दुर्गाबाई कुशी धरून पोत्यांवर आडव्या झाल्या. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून खाल्ल्या. त्या गोळ्याही आम्हालाच सोसाव्या लागतात, हे कोणाला ठाऊक? पंधरा दिवसांनी कळ थांबली. "खडा पडला वाट्टे," असं म्हणून त्या हसल्या.

खडा पडला नव्हता. मागे तुंबलेल्या लघवीनं माझी बहीण फुगत गेली आणि तिच्या गाळण्या एकेक करून मेल्या. मला सगळं समजत होतं, पण सांगता येत नव्हतं. त्याचा मला आजही राग येतो.

वर्षभरानं दुर्गाबाईंना थंडी वाजून ताप भरला. अमरावतीच्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "उजवी किडनी निकामी झाली आहे. आता सगळं डावीवर आहे."

"दुखत तं नव्हतं, डॉक्टरसाहेब. मंग गेली कवा ते?"

"दुखणं थांबलं, तेव्हाच तपासायला यायचं होतं, बाई."

आता दोघींचं काम मी एकटी ओढते. दुर्गाबाई पाणी पितात. शेडचे मालक सूर्यभानजी यांना सगळ्या बायकांनी एका तोंडानं सांगितलं, "संडास बांधा, नाही तं संत्रे तुमीच निवडा." पंधरा दिवसांत बांधून झाला. इतकं सोपं होतं, तर माझी बहीण जायची वाट कशाला पाहिली?

आणि गेल्या आठवड्यात दुर्गाबाईंची सातवीतली मुलगी दीक्षा शाळेतून तापानं फणफणत आली. लघवीला आग होते म्हणाली. दुर्गाबाईंनी तिचं दप्तर उघडलं. सकाळी भरून दिलेली बाटली तशीच भरलेली होती.

"काहून वं? पानी नाही पेली?"

"शाळेतल्या संडासाले आतून कडी नाही, आई. आमी कोनीच पोरी पानी पेत नाही."

दुर्गाबाईंचा हात आपल्या उजव्या कुशीवर गेला. त्या रागावल्या नाहीत. दीक्षाला दवाखान्यात नेऊन त्यांनी औषध सुरू केलं. दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी घेतली, बाजारातून कडी आणली, श्रावण सुताराला सोबत घेतलं आणि शाळेत जाऊन उभ्या राहिल्या. कडी बसेपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

मित्रांनो, पाणी प्या. लघवी लागली की वर्गात हात वर करा, लाजू नका. दाराला कडी नसेल तर गुरुजींना सांगा, ऐकलं नाही तर घरी सांगा. माझी बहीण आता परत येणार नाही. दीक्षाच्या दोघी अजून जोडीनं आहेत, तुमच्याही असतील. एकीवर दुसरीवाचून राहायची पाळी आणू नका.