मी मंदी सांगितली तेव्हा

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत, तरी पुढच्या वर्षी देशाचं कसं होणार हे सांगायचं काम माझं! मी एक जुनं गणित आहे, चारशे बारा सूत्रांचं. पडेगावच्या एका छोट्या संस्थेतल्या संगणकात राहतो.

मला व्यंकटराव सरांनी घडवलं. पाऊस, पिकं, पगार, वीज, कशामुळं काय वाढतं नि काय घटतं, हे त्यांनी अकरा वर्षं खपून जुळवलं. दरवर्षी ते प्रत्येक सूत्र नव्या आकड्यांवर तपासायचे. तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू! थेट दिल्लीहून फोन यायचे.

सर निवृत्त झाले आणि तपासणी थांबली. नुसते नवे आकडे भरायचे, उत्तर घ्यायचं. दोन अंदाज सपशेल चुकले. संचालक अभय सरांनी कालिंदीला बजावलं, "तिसरा चुकला तर हे गणित बंद, आणि तुमची जागाही." कालिंदी ही व्यंकटराव सरांची विद्यार्थिनी, मला सांभाळणारी एकटीच. माझ्यापायी तिची नोकरी जाणार, याचं मला फार वाईट वाटलं.

यंदा मी सांगितलं, कारखाने थंडावणार, मोठी मंदी येणार. कालिंदीचा चेहराच उतरला. खोली झाडणाऱ्या सरूबाईंनी विचारलं, "काय झालं, ताई?"

"कारखाने बसणार म्हणतंय हे."

"काय बी काय! आमचा पोरगा सोमनाथ वाळूजला कंपनीत हाय. दोन-दोन पाळ्या करायला लावत्यात. लई काम पडलंय!"

"पण मावशी, कारखाने वीज कमी घेतायत."

"व्हय, कमीच लागंल की. कंपनीच्या पत्र्यावर सोलर बसवलंय ना!"

कालिंदीनं लगेच माझं विजेचं सूत्र उघडलं. विकत घेतलेली वीज घटली की माल घटला, असं माझं सूत्र. सरांच्या काळी ते खरंच होतं. तिनं वीस शहरांतल्या कारखान्यांत फोन लावले. सगळीकडं तीच तऱ्हा. आठ दिवस बसून तिनं ते सूत्र नव्यानं बांधलं आणि मंदी नाही, असा अंदाज स्वतःच्या सहीनं पाठवला. वर्षअखेर तो खरा ठरला. तिची जागा राहिली.

अभय सर म्हणाले, "म्हातारं हुशार आहे हो!" मी लाजेनं अर्धा झालो. अहो, मी तर छातीठोकपणे मंदीच सांगत होतो!

मित्रांनो, माझी आरती ओवाळू नका. दरवर्षी माझं एकेक सूत्र उघडा आणि विचारा, "हे अजून खरं आहे का?" चुकलो तरी माझं मला कधीच कळत नाही.