एकवीस वेळा पाडलेली बाहुली

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लोकांना सुखरूप वर-खाली नेणारा हा माणूस घरी आल्यावर मला कसा तुडवायचा, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त आमच्या चिमणीला. नऊ वर्षांची पोर. तिला मी दर वेळी सांगायचे, बाथरूममध्ये घसरून पडले. झाकली मूठ सव्वा लाखाची!

शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवलं आणि घरात पाडापाडी सुरू झाली. स्टुलावर चढून चमचा आणि खोडरबर एकदम सोडायची. बुडाला भोक पाडलेली पाण्याची बाटली सोडून ओरडायची, "आई, पडताना गळतच नाही गं!" मी फरशी पुसायचे.

एकदा म्हणाली, "पृथ्वी सगळ्यांना सारखंच ओढते ना? मग तूच कशी सारखी पडतेस?"

"वेंधळी आहे तुझी आई."

तिला काही ते पटलं नाही. जुन्या मोज्यात वाळू भरून तिनं बाहुली केली, पट्ट्यांचे हातपाय लावले, बुचाचं नाक चिकटवलं आणि बाथरूमच्या ओल्या फरशीवर ती पाडत बसली. मी भाजी चिरत होते. शिकतेय तर शिकू दे, म्हटलं. तिथंच माझी अक्कल शेण खायला गेली.

रात्री जेवताना तिनं वही उघडली. "बाबा, एकवीस वेळा पाडली. गुडघा आपटला, कोपर आपटलं, डोकं आपटलं. डोळा एकदाही नाही. नाक मध्ये येतं ना! आणि दंडावर चार बोटं कशी उमटतील? आई खोटं बोलते."

त्यानं घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "कुणी पढवलं हिला?"

"कुणीच नाही, बाबा. प्रयोग आहे."

थप्पड अशी बसली की पोर खुर्चीसकट कोलमडली. टेबलाच्या कडेवर भुवई फुटली, रक्त वहीवर सांडलं. आजवर त्यानं तिला बोट लावलं नव्हतं. मी मार खातेय तोवर ती सुटेल, अशी माझी वेडी समजूत होती. त्यानं तिचे केस मुठीत धरले आणि तिला बाथरूमकडे फरफटत नेलं.

"चल, आता तूच पडून दाखव."

दाराशी त्याची हत्यारांची पिशवी होती. त्यातला सगळ्यात मोठा पाना मी उचलला. पहिला घाव कोपरावर. हाड मोडल्याचं ऐकू आलं. केस सुटले. तो वळला तसा दुसरा गुडघ्यावर घातला, आणि तो आडवा झाला. तिसऱ्याची गरज नव्हती. तरी घातला, चौथाही घातला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

तो विव्हळत होता. चिमणी भिंतीला चिकटून उभी होती, अर्धा चेहरा लाल. मी पाना टाकला आणि तिला उचलून घ्यायला हात पुढे केले.

तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. "नको ना, आई," म्हणाली, "परत नाही करणार प्रयोग."