तेलाऐवजी आलेली समई

मी एक पितळेची समई बोलतेय. बेंगळूरच्या बळेपेटेत, नरसिंहरावांच्या देवघरात, देवाच्या उजव्या हाताला मी उभी असते. माझ्या माथ्यावरच्या हंसाची मान जराशी वाकडी आहे, तेवढ्या खुणेवर मला कुणीही ओळखेल. वारा नसताना ज्योत हलली, तर समजावं की हिला काही सांगायचंय. आज तसंच झालंय.

माझा जन्म विश्वावसु संवत्सरातला. इंग्रजी सालाने म्हणाल तर एकोणीसशे पाच. मोठं घडामोडींचं वर्ष ते. पाडव्याच्या सुमारास तिकडे हिमालयाच्या पायथ्याशी धरणी हादरली. आश्विनात बंगालचे दोन तुकडे झाले आणि इथल्या बायकासुद्धा विलायती बांगड्या नको म्हणू लागल्या. आणि मधल्या श्रावणात आमच्या बेंगळुरात विजेचे दिवे आले.

मी तेव्हा चिकपेटेत, मल्लाप्पाच्या दुकानात फळीवर उभी होते, नवी कोरी. येणारा जाणारा सांगायचा, "तेल नको, वात नको, काडी नको, आणि उजेड असा की सुई सापडावी." मला वाटलं, जन्माला आले आणि त्याच महिन्यात काम संपलं, असं कुणाचं नशीब असतं का?

त्या नागपंचमीच्या संध्याकाळी आप्पाजी नावाचे एक गृहस्थ लगबगीने चालले होते. घरी बायको बाळंत होत होती आणि आईने, ठकुबाईंनी, त्यांना एरंडेल आणायला धाडलं होतं. पण मार्केटाकडे दिवे बघायला लोटलेल्या गर्दीने त्यांना आपल्याबरोबर नेलं. दिवे बघून डोळे दिपलेल्या अवस्थेतच ते मल्लाप्पाच्या दुकानापुढे आले.

"घेऊन जा स्वामी," मल्लाप्पा मला पुढे सरकवत म्हणाला. "म्हणाल त्या भावाने घ्या. आता समईला कोण विचारणार?"

आप्पाजींना माझी दया आली असावी. त्यांनी मला उचललं, आणि एरंडेल राहिलं ते राहिलंच.

ठकुबाई दारातच उभ्या होत्या. "तेल आणायला पाठवला तर समई घेऊन आला," त्या म्हणाल्या. "आता हिच्यात काय ओतू, तुझं शहाणपण?"

आप्पाजी काही बोलणार, तेवढ्यात आतून गंगव्वा सुईण हात पुसत बाहेर आली. तिने दोन बोटं वर केली. "एरडु, अम्मा. दोन आहेत. आधी मुलगी, मग अर्ध्या तासाने मुलगा."

ठकुबाईंचा राग कुठल्या कुठे गेला. घरातलं तूप आणून त्यांनी माझ्यात ओतलं आणि दोन वाती लावल्या. एक भागूची, एक नरसूची. मग हात जोडून नवस बोलल्या, "नागोबा देवा, ह्या दोन्ही वाती बरोबरीने जळू देत. दोघांना साठी दिसू दे. ह्याच समईवर साठ साठ दिवे लावून दोघांना ओवाळू."

पुढे माघात विलायतेचा राजपुत्र गावात आला. सगळं गाव त्याची स्वारी बघायला गेलं. ठकुबाई मात्र दोन्ही मांड्यांवर दोन नातवंडं घेऊन माझ्यासमोर बसल्या होत्या. "आमचे राजे इथेच आहेत," म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्यांनी समाधानाने डोळे मिटले.

मुलं वाढली. सुनेने सासूचा नवस मुलीच्या कानावर घातला, मुलाला सांगायचं मात्र राहून गेलं. भागूला होसकोट्यात बिंदुमाधवरावांच्या घरी दिलं. माणूस थट्टेखोर, पण सोन्यासारखा. नरसूचे नरसिंहराव झाले, भागूची सगळ्यांची अक्का झाली. घरात वीज आली, देवघरात बल्ब लागला आणि मी माळ्यावर गेले. तरी दर श्रावणात अक्का माहेरी यायची. पंचमीच्या आदल्या दिवशी भावाचा उपास धरायची, मला खाली काढायची, चिंचेने घासायची आणि दोन वाती लावायची. वर्षभरात माझा तेवढाच एक सण.

असं करत करत एकोणीसशे पासष्ट साल उजाडलं. साठ संवत्सरांचा फेरा पुरा करून विश्वावसु पुन्हा आला. नरसिंहरावांची साठीशांत पंचमीला करायचं ठरलं. घराला रंग लागला. त्यांची सून विमला म्हणजे व्रतवैकल्यांत रमलेली पोर. सोळा सोमवार, मंगळागौर, जिवतीचे शुक्रवार, काही म्हणून चुकवायची नाही. पण तेव्हा चिकपेटेत स्टीलच्या भांड्यांची नवलाई होती. तिचा नवरा चंद्रकांत म्हणाला, "माळ्यावरचं जुनं पितळ मोडीत देऊ, समारंभाला स्टीलची ताटं घेऊ." विमलाने हंड्याबरोबर मलाही पोत्यात घातलं. माझी मान वाकडी, बूड हललेलं. पंचमीला लागलेली तिने मला पाहिलं होतं, पण मी कोण ते तिला कुठे ठाऊक होतं.

अक्का होसकोट्याहून आली ती नेमकी दिव्यांच्या आवसेला. त्या दिवशी घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. विमलाने निरांजनं मांडली, लामणदिवा मांडला, कंदीलसुद्धा मांडला. अक्का पाटाकडे बघत राहिली.

"विमल, एक कमी आहे गं."

"कोण, अक्का?"

"वाकड्या मानेचा हंस."

विमलाचा हळदीचा हात तसाच राहिला. "ती पोत्यात आहे. उद्या मोडीत जायचीय."

अक्का रागावली नाही. "सरी, असू दे. पण आज दिव्यांची आवस. आज घरातला दिवा पोत्यात ठेवू नये. आजच्यापुरती काढ, उद्या हवं तर पाठव."

मला बाहेर काढलं. अक्काने चिंच लावली, विमला पाणी ओतायला बसली.

"हिला तुम्ही दोनच वाती का हो लावता?"

मग अक्काने सगळं सांगितलं. एरंडेल, मल्लाप्पा, गंगव्वाची दोन बोटं, ठकुबाईंचा नवस. विमला ऐकतच राहिली.

"म्हणजे यंदा तुमचीपण साठी."

"माझी झाली की. आमच्या घरच्यांची झाली तेव्हा शेजारी बसले होते ना. बायकांची अशीच उरकते, एका हारात दोघं."

दोघी हसल्या. पण अक्का माझ्या हंसाची मान पुन्हा पुन्हा घासत राहिली.

"अक्का, नवस अर्धा फेडत नाहीत. मी आत्ता जाऊन मामंजींना सांगते."

"नको. तू सांगितलंस तरी मीच मागून घेतल्यासारखं होईल. माझीही साठी त्याला आपणहून आठवली तर आठवली. तू तोंडातून शब्द काढायचा नाहीस. दे वचन."

विमलाने वचन दिलं. दिलेला शब्द मोडणाऱ्यांतली ती नव्हे. माझा जीव मात्र टांगणीला लागला. नवस ठाऊक असलेल्या आम्ही तिघी, त्यातली मी मुकी, एक संकोचाने गप्प आणि एक वचनाने.

पंचमी उजाडली. नरसिंहराव आणि त्यांची बायको चंद्राबाई पाटावर बसले. पुरोहितांनी पळी हातात घेतली. तेवढ्यात विमला मला घेऊन आली आणि सासऱ्यांच्या अगदी समोर ठेवून तिने दोन वाती लावल्या. मी सगळं बळ एकवटून जळत होते.

नरसिंहराव माझ्याकडे बघत राहिले. हातातली अक्षत त्यांनी खाली ठेवली.

"अक्का कुठे आहे?"

"स्वयंपाकघरात. दिंडं उकडतायत," कुणीतरी म्हणालं.

"बोलवा तिला."

"आधी संकल्प होऊ द्या," पुरोहित म्हणाले.

"संकल्प थांबेल. मी अर्ध्या तासाने मागून आलोय, आधी तिचा मान."

अक्का पदराला हात पुसत आली. "नरसू, हे काय? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, धाकटा आहे, ऐकत नाही. जन्मभर माझ्यासाठी उपास केलेस, आज माझ्या शेजारी बस."

चंद्राबाई नवऱ्याला म्हणाल्या, "मग स्वल्प सरका की. नुसतं बस म्हणून जागा होते का?"

अक्का बसली. तिच्या यजमानांना, बिंदुमाधवरावांनाही, शेजारी पाट दिला. पुरोहितांनी कणकेच्या दिव्यांच्या परातीकडे पाहिलं. "दिवे साठच आहेत. तीस तीस करावे लागतील."

"करा," बिंदुमाधवराव म्हणाले. "तीस वर्षांची बायको होसकोट्याला न्यायला माझी ना नाही."

सगळं घर हसलं. तेवढ्यात विमला आत गेली आणि दुसरी परात घेऊन आली. वरचं ओलं फडकं तिने बाजूला केलं. आत आणखी साठ दिवे होते, आवसेपासूनच्या आशेवर पहाटे उठून वळलेले, वाफवलेले.

अक्काने तिच्याकडे रोखून पाहिलं. "विमल, वचन दिलं होतंस."

"शब्द न काढण्याचं दिलं होतं, अक्का. कणीक न भिजवण्याचं नाही."

ते सगळे दिवे माझ्याच ज्योतीवर लागले. बहीणभावाला सुवासिनींनी बरोबरीने ओवाळलं. अक्का रडत नव्हती, हसत होती, अगदी दोन वेण्या घातलेल्या भागूसारखी. वर बल्ब चालू होता, पण त्या दिवशी त्याच्याकडे कुणी बघितलंच नाही.

मोडीत हंडा गेला, मी राहिले. बल्बाचं आणि माझं आता छान जमतं. त्याचा उजेड वाचायला, माझा हात जोडायला.

तुमच्या घरी कुणाची साठी असेल, तर माझं एवढं ऐका. पाटावर बसण्याआधी एकदा स्वयंपाकघरात डोकावा. तिथे वाफेत उभी असलेली कुणी त्याच संवत्सराची निघेल.

विमलाच्या साठीला अजून पुष्कळ वर्षं आहेत. मी मोजत नाही. तेल आहे, वात आहे, मी वाट बघतेय.