धुळीचं बर्फ

संशोधक बाईंना हुडहुडी भरली होती आणि करवतकाकांना घाई नव्हती. उणे वीस अंशांच्या खोलीत तीस वर्षं बर्फ कापणाऱ्या माणसाला कसली आलीय घाई?

टेबलावर ध्रुवावरच्या हिमथरातून खणून काढलेली हातभर लांबीची बर्फाची कांडी होती. हिमयुगात मध्येच, माणसाच्या एका आयुष्यात मावेल इतक्या झटक्यात, ऊब आली आणि हवेतला मिथेन वायू वाढला. तो दलदलींतून आला की समुद्राच्या तळातून सुटला, हे बर्फात कोंडलेल्या हवेवरून ठरणार होतं. बाई तीन वर्षं छातीठोकपणे सांगत होत्या, दलदलींतूनच. पण हवा मोजायची तर बर्फ वितळवावं लागतं, आणि तुकडा कापायची परवानगी एकदाच मिळाली होती.

काकांनी करवत खाली ठेवली. "ताई, एक विचारू?"

"विचारा ना."

"मिथेनवाले नेहमी मळकट बर्फ मागतात, धुळीचं. तुम्ही काचेसारखं स्वच्छ मागवलंत."

बाई वैतागल्याच. धूळ थंडीच्या काळातली, उबेचं बर्फ स्वच्छच असणार, एवढंही कळू नये? त्या बोलायला गेल्या आणि मध्येच त्यांना आठवलं. वरचं हिम खोलवर भुसभुशीत असतं, हवा त्यात खेळत राहते आणि शेकडो वर्षांनी कोंडली जाते. म्हणजे उबेच्या काळातली हवा खालच्या, आधीच्या थंडीतल्या, धुळीच्या बर्फात. हे त्या स्वतः वर्गात शिकवायच्या. बर्फ मागवताना घाईत त्यांनी तक्त्यातलं हवेचं वय सोडून बर्फाचं वय वाचलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुम्हाला कसं कळलं, काका?"

"कारण नाही ठाऊक. बघत आलोय, एवढंच." त्यांनी स्वच्छ कांडी जपून खोक्यात ठेवली आणि बाईंनी तक्ता पुन्हा बघून सांगितलेली, थरात आणखी खालची मळकट कांडी काढली. करवत अशी फिरली की कपचाही उडाला नाही. काय हात होता तो! बाई थंडी विसरून बघत राहिल्या.

पाच आठवड्यांनी उत्तर आलं. मिथेन दलदलींचाच होता. विभागप्रमुख सरांना फोन करायच्या आधी बाई शीतगृहात धावल्या आणि धुळीच्या बर्फात उबेची हवा कशी, तेही त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

काकांनी हातातली करवत बाजूला ठेवली.

"इथून गेलेल्या बर्फाचं पुढं काय झालं, हे सांगायला तीस वर्षांत कुणी आलं नव्हतं, ताई," ते म्हणाले. "दार लावून घ्या, आणि पहिल्यापासून सांगा."